भंडाऱ्याचं मत

मत गुप्त असतं असं शाळेचे मास्तर सांगत, आणि गाव हसत असे. पोखर्णीहून दोन कोस आत असलेल्या त्या गावात मत कधी गुप्त नव्हतं. मत गावाचं असे, माणसाचं नव्हे.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी खंडोबाच्या देवळात पितळी ताट मांडायचं. ताटात बेलाची पानं, पानांवर हळदीचा भंडारा. घरटी एक कर्ता माणूस पुढं यायचा, उजव्या हातानं बेल-भंडारा उचलायचा आणि म्हणायचा, "गाव म्हनंल तिथं मत. मोडील त्याच्या घरचा दिवा इझंल." गाव काय म्हणणार ते आदल्या दिवशी दत्तराव पाटलांच्या ओसरीवर ठरलेलं असे. त्यांच्या आधी त्यांचे वडील ठरवीत.

मालनबाईनं हे सगळं पहिल्यापासून पाहिलेलं. बावन्न सालच्या पहिल्या मतदानाला ती नवी सून होती, आश्रुबा पोटात होता. निजामाचं राज्य नुकतं गेलेलं. तेव्हा उमेदवारागणिक वेगळी पेटी असे. तिच्या सासूनं पेटीला हळदकुंकू वाहिलं, पाच तांदूळ टाकले आणि हात जोडून उभी राहिली. आत बसलेला साहेब ओरडला तेव्हा म्हातारी म्हणाली, "बाबा, दिल्लीला जाणार ना ही पेटी? मग रिकाम्या कपाळानं कशी जाईल?" सत्तावन्नला मालनबाईनं स्वतः मत टाकलं, कडेवर धाकटा पंडित होता. बासष्टला शिक्का आला. सहासष्टला नवरा वारला, आणि सदुसष्टच्या मतदानाला घरचा कर्ता माणूस म्हणून मालनबाई पहिल्यांदा ताटापुढं गेली. बाई भंडारा उचलते म्हणून दोघाचौघांनी नाकं मुरडली, पण दत्तराव म्हणाले, "चूल पेटवते ती कर्ती. येऊ द्या तिला."

तो शब्द मालनबाईच्या मनात बरेच दिवस राहिला होता.

एकाहत्तरला मास्तरांनी खबर आणली की आता मोजणीला गावोगावच्या चिठ्ठ्या एकत्र कालवतात, कुठल्या गावानं काय केलं ते कुणाला कळत नाही. काही तरणी पोरं एकमेकांकडं बघून हसली. दत्तराव शांतपणे म्हणाले, "माणसाला कळणार न्हाई. देवाला कळंल का न्हाई?" पोरांचं हसू जिरलं. त्या साली गावानं गाय-वासराच्या चिन्हाला, म्हणजे दिल्लीच्या सरकारला मत दिलं. मतदारसंघ जिंकला, दत्तरावांच्या दारात जीप येऊ लागली.

पुढं शहात्तर सालच्या पावसाळ्याच्या तोंडी हीच जीप माणसं न्यायला आली.

कुटुंबनियोजनाच्या शिबिराला गावातून बारा नावं द्यायची असा वरून हुकूम होता. दत्तरावांना अकरा मिळाली. बारावं मिळेना. ते मालनबाईच्या दारात येऊन बसले, पाणी मागून प्याले.

"आश्रुबाला धाड, मालनबाई. काय न्हाई, जरा टोचल्यावानी व्हतं. सकाळी गेला की तिनीसांजेला घरी."

"पर त्याला एकच लेकरू हाय, दत्तराव. ती बी पोरगी."

"कागदावर तीन लिहू. आन मन झालं तर पुन्ना जोडता येतंय, डॉक्टर म्हन्त्यात. मी बसलोय न्हवं?"

आश्रुबा चोवीस वर्षांचा. त्याची बायको कमल दाराआडून सासूला हातानं नको-नको करीत होती. मालनबाईनं ते पाहिलं. पण दत्तराव दारात आलेले, आणि त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी तिला चारचौघांत कर्ती म्हटलेलं. ती लेकाला म्हणाली, "जा बाबा. मोठ्या माणसाचा शब्द हाय."

आश्रुबा तिन्हीसांजेला घरी आला खरा. तिसऱ्या दिवशी जखम चिघळली. दहाव्या दिवशी बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच त्याचं अंग लाकडासारखं ताठ झालं आणि जबडा बसला. गाडी परत फिरवावी लागली.

दत्तराव तेराव्याला आले. मान खाली घालून म्हणाले, "देवाची मर्जी." मालनबाईनं त्यांच्यापुढं पान वाढलं. कमल आत भिंतीला टेकून बसली होती, ती उठली नाही.

त्यानंतर मालनबाईनं आपले नेम वाढवले. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाणी नाही, सोमवार-शनिवार उपास, रोज खंडोबाला दिवा आणि दिवसभरात खोटं एक अक्षर नाही. उरलेल्या एका लेकाला, पंडितला, देवानं राखावं एवढंच मागणं. पंडित एकोणीस वर्षांचा होता. तो शिंकला तरी ती त्याच्या कपाळाला हात लावून बघे.

अशात सत्त्याहत्तरचं मतदान जाहीर झालं.

शिमगा नुकताच झालेला, ज्वारीची काढणी जोरात. रानात मालनबाईच्या पातीला सरजाबाई होती. सरजाबाई बौद्धवाड्यातली; तिच्या घरानं छप्पन्न सालीच देव पोत्यात भरून नदीला सोडले होते. तिच्या नवऱ्यालाही त्याच जीपनं नेलेलं. तो जगला, पण तेव्हापासून वजन उचलू शकत नव्हता.

"शनिवारी ताट मांडायलेत म्हनं," सरजाबाई म्हणाली.

"हाव."

"तुमी जानार?"

"कर्ती मीच हाय. न जाऊन कसं?"

सरजाबाईनं विळा थांबवला. "मालनबाई, लेकरू गेलं तुमचं. आन त्याच मानसाच्या ताटातली हळद उचलनार?"

"हळद देवाची हाय, सरजे. त्याची न्हाई."

"आमाला बरं हाय बाई, आमाला तुमची हळदच लागत न्हाई." सरजाबाई हसली, पण ते हसू काही हसू नव्हतं. "आमाला ते नुस्तं म्हन्त्यात, उद्यापासून कामाला येऊ नका. तेवढ्यावर आमी पोटाला भेतो. तुमी पोटाला बी भेता आन देवाला बी."

 मालनबाईनं पुढची पेंढी बांधली.

शनिवारी ती गेली. न जाणं म्हणजे साऱ्या गावासमोर जाहीर करणं होतं, आणि उद्या पंडितला रानात पाण्याच्या पाळीवर कोण उभं राहू देणार? रांगेतले लोक तिला वाट देत मागं सरले. दत्तरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. देवळाचा गुरव भुजंग ताट धरून उभा होता. मालनबाईनं बेल उचलला, भंडारा उचलला. "गाव म्हनंल तिथं मत. मोडील त्याच्या..." इथं तिनं मूठ घट्ट केली. मग तिनं पुरं केलं, "घरचा दिवा इझंल."

घरी कमल वाट बघत होती. चूल पेटलेली नव्हती.

"उचलला?"

"उचलला."

"मंग तुमचा तुमी पाळा, आत्याबाई. मी न्हाई पाळनार. मी त्या वासराच्या पार डोळ्यात शिक्का मारीन."

"तसं न्हवं, कमल. गाय-वासराला मत द्यायचं म्हनजे शिक्का त्याच्यावरच..."

"मला ठाव हाय कुटं मारायचा ते! मास्तरनी दाखवलंय. मी दुसऱ्यावर मारीन. त्येंच्या नावानं मारीन."

"घराचा भंडारा हाय तो, माय. मी एकलीचा न्हाई. पंडित हाय आपल्याला."

कमलनं पोरीला ओढून जवळ घेतलं. "पंडित भाऊजी हाईत. आन हे? हे कुनाचेच न्हवते का?"

 मालनबाईनं खाली बसून चुलीत गोवऱ्या घातल्या. पोर भुकेजली होती.

मतदानाच्या दिवशी दिवस उगवायच्या आत ती दिवा लावायला देवळात गेली. पायरीवर तानुबाई भेटली, तिची चुलत जाऊ. पदरानं ओले हात पुसत घाईनं उतरत होती. "आलीस का गं?" एवढंच म्हणून निघून गेली. तिच्यामागून आणखी दोघं उतरले, त्यांचेही हात ओले. गाभाऱ्यात दुधाचा वास होता. कोपऱ्यात नारळांचा ढीग.

"आज एवढी गर्दी, भुजंगा?"

भुजंग दचकला. "आज... मतदान हाय न्हवं. लोकं दर्शनाला येयलेत."

"आन दूध?"

"देवाला." त्यानं गडवा धोतराच्या सोग्याआड सारला. मालनबाईकडं बघताना त्याच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, पण मागं पायरीवर कुणाचं तरी पाऊल वाजलं आणि त्यानं ते गिळलं. "करा, दिवा करा मालनबाई. तुमचा नेम मोडायला नको."

तिनं दिवा लावला. देवाला म्हणाली, देवा, कायतरी सांग. मी आई हाय का शब्दाची बांधील हाय ते सांग. तुझ्या उजवीकडचं फूल पडलं तर मी कमलचं ऐकते. ती बराच वेळ उभी राहिली. दिवा सरळ जळत होता. फूल जागचं हललं नाही.

शाळेत रांग होती, बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. कमल तिच्या पुढं होती. बोटाला शाई लावून कमल पडद्याआड गेली आणि लगेच बाहेर आली. चेहरा नऊ महिन्यांच्या शोकानंतर प्रथमच उघडा वाटत होता. मग मालनबाई.

पडद्यामागं एक मेज, मेजावर कागद आणि शिक्का. कागदावर गाय उभी, वासरू तिला लुचत होतं. दर वसुबारसेला मालनबाई अशाच गाईच्या पायावर पाणी घालत असे. तिला आश्रुबाचं पहिलं दूध आठवलं, आणि मग त्याचा बसलेला जबडा आठवला, ज्यातून शेवटी पाण्याचा घोटही जाईना. तिचा हात आपोआप खालच्या चिन्हाकडं गेला. शिक्का कागदापासून बोटभर वर थांबला.

मोडील त्याच्या घरचा दिवा.

बाहेर पंडित आईला न्यायला येऊन झाडाखाली उभा होता. त्याचं खोकणं तिला आत ऐकू आलं. उगाच, काढणीच्या धुळीनं आलेला खोकला.

"मावशी, आटपा," साहेब म्हणाला.

तिनं गाईवर शिक्का मारला. कागदाची घडी घातली, पेटीत टाकली. 

दारात कमलनं तिचा हात धरला. "मारला?"

"मारला."

"बरं झालं," कमल म्हणाली, आणि सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आश्रुबा गेल्यापासून ती सासूला शिवली नव्हती. मालनबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती खोटं बोलली नव्हती. पण खरंही सांगितलं नाही, आणि ती ऊब तिला सोडवेना. चार दिवस तिनं ती ठेवून घेतली. चार दिवस कमल दोन भाकरी जास्त थापायची, "आत्याबाई, अजून घ्या" म्हणायची.

मग निकाल लागला. पोखर्णीच्या फाट्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओवर ज्यांनी ऐकलं ते पळतच गावात आले. दिल्ली गेली, आणि आपला मतदारसंघही गेला. पहिल्या मतदानापासून गावाचं मत कधी हरणाऱ्याच्या पदरात पडलं नव्हतं. कुणीतरी हलगी काढली. आणि हळूहळू, एकेकाचं तोंड उघडायला लागलं.

"मी बी तिकडंच मारला."

"आरं, तू बी?"

"मंग! मला वाटलं मी एकलाच."

"भुजंगानं सोडवलं न्हवं मला. गाईच्या दुधानं हात धुतला, एक नारळ. म्हनला, देवानं मोकळं केलं."

"मला बी एक नारळच!"

"आरं, मंग आमाला दोन कामून लावले त्या चोरट्यानं?"

हसण्याचा गलका उठला. मालनबाई हौदावर घागर भरत होती. घागर भरून वाहू लागली तरी तिला भान नव्हतं. तिनं शेजारच्या तानुबाईला विचारलं, "तुवा बी?"

"पहाटंच न्हाई का भेटलीस तू मला? हात वले व्हते."

"मला न्हाई सांगितलं कुनी."

"तुला?" तानुबाईला खरोखरच कळलं नाही. "तुला कशाला सांगायचं, बाई? तुझं लेकरू गेलं. तू काय त्याला मत देनार व्हतीस व्हय? आन दुसरं म्हनजे," ती जरा खाली आवाजात म्हणाली, "तुझा खरं बोलायचा नेम. दत्तरावनं इचारलं असतं तर तू सांगून मोकळी झाली असतीस. समद्या गावाला भ्या वाटलं तुझं."

मालनबाईनं घागर उचलली. वाटेत तिनं ती दोनदा खाली ठेवली.

त्या शनिवारी आरतीला देऊळ गच्च भरलं होतं. दत्तराव उशिरा आले. आठ दिवसांत माणूस खंगल्यासारखा दिसत होता. आरती संपली तसे ते ताटापुढं उभे राहिले.

"बावन्न सालापासून ह्या ताटाचा शब्द राहिला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला कुनाला काय करायचं न्हाई. माहं राज्य गेलं, मी मोकळा झालो. फकस्त एक इचारतो. ज्यानं पाळला असंल त्यानं देवासमोर सांगावं. मंग मी घरी जातो."

कुणी हललं नाही. मागून एकजण पुटपुटला, "तूच पाळला असशील एकट्यानं," आणि दाबलेलं हसू पसरलं. भुजंग जमिनीकडं बघत होता. दत्तरावांचा चेहरा उतरत गेला.

मालनबाई खांबाला धरून उभी होती. शेजारी कमल, कमलच्या कडेवर पोर. गप्प राहिलं तर खोटं होतं का? शाळेच्या दारात ती गप्प राहिली तेव्हा समोर कमल होती. इथं देव होता आणि प्रश्न त्याच्या नावानं विचारलेला होता. तिला वाटलं, आपण बोलू नये. तिला अगदी मनापासून वाटलं की आपण बोलू नये.

"मी पाळला," ती म्हणाली.

 दत्तराव सावकाश वळले. लोक बाजूला झाले, जशी भंडाऱ्याच्या दिवशी वाट दिली होती तशी. ते तिच्यापुढं आले, आणि साऱ्या गावादेखत वाकून त्यांनी तिच्या पायाला हात लावला.

"समद्या गावात एक तुमीच इमानाच्या निघालात, मालनबाई. तुमचे उपकार मी इसरनार न्हाई."

तिला पाय मागं घ्यायचा होता. मागं खांब होता.

"त्यानं पोरगं गिळलं तरी," मागून कुणीतरी बाई म्हणाली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

कमल आधीच देवळाबाहेर पडली होती.

मालनबाई घरी आली तेव्हा कमल अंगणात उकिडवी बसली होती. तिनं भिंतीजवळच्या ढिगातले तीन दगड आणले होते आणि एकेक ठाकून, हलवून, जमिनीत बसवत होती. सासू आल्याचं तिला कळलं, पण तिनं वर पाहिलं नाही.

"माहेरी जावं तर तिथं भाऊ हाय न् भावजई हाय, ते ठिवून घ्यायचे न्हाईत," ती दगडांशी बोलल्यासारखी म्हणाली. "म्हनून इथंच राहीन. पर तुमच्या चुलीचं खानार न्हाई."

"कमल, मी पंडितासाठी..."

"समद्या गावाला पंडित हाईत, आत्याबाई. समद्यांच्या घरी लेकरं हाईत. कुनाचा दिवा इझला, सांगा मला. कुनाचा इझला? इझला तो एकाच घरचा, आन तवा तर मोडलेलं बी काय नव्हतं."

मालनबाई दारात उभी राहिली. एवढ्या महिन्यांत तिनं देवाला हे कधी विचारलं नव्हतं, आणि आता कमलनं ते मोठ्यानं विचारून टाकलं होतं. तिला कमलचं तोंड धरावंसं वाटलं, आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही.

तिसरा दगड बसला. कमलनं काटक्या घातल्या, फुंकर मारली. नव्या चुलीचा ओला धूर अंगणभर झाला आणि पोर ठसकू लागली. आत मालनबाईनं रोजच्या सवयीनं आपली चूल पेटवली, तवा ठेवला, पीठ मळलं.

दिवस मावळताना पंडित रानातून आला. त्याला वाटेतच सगळं कळलं असावं, कारण त्यानं काही विचारलं नाही. पाय धुतले आणि अंगणात मधोमध उभा राहिला. इकडं आई भाकरी थापत होती, तिकडं वहिनी. दोन्हीकडं त्याच्यापुरतं पीठ मळलेलं होतं.

"आई," तो म्हणाला, "कुटं बसू?"

मालनबाईनं त्याच्याकडं पाहिलं. धडधाकट होता, रापलेला, डोक्यात ज्वारीचा भुसा. त्याला खोकलाही राहिला नव्हता.

"तिकडं बस," ती म्हणाली. "तिचं लेकरू लहान हाय. तिला मानूस लागंल."

तो गेला. पोर लगेच त्याच्या मांडीवर चढली. कमलनं त्याच्यापुढं भाकरी टाकली, आणि तिघं जेवू लागली. मालनबाईचा शनिवारचा उपास होता, तिला जेवायचं नव्हतंच; तरी थापायला घेतलेली भाकरी तिनं तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. मग पुढचा गोळा घेतला. पीठ तिघांचं मळलेलं होतं.